बारावा शब्द

पनवेल, २० मे २०१८

आलिया,

सलाम. फारूक परवा दोह्याला परत चाललाय, त्याच्या बॅगेत ही चिठ्ठी टाकतेय. सोबत सोडे आहेत आणि सुके बोंबील. बोंबील तुझ्या भाईंनी स्वतः निवडलेत, एकेक उचलून, वास घेऊन. घरासाठी आणायचे असले की 'कुठलेही घे गं, सगळे सारखेच' म्हणतात. रोजा असताना भर उन्हात मासळीबाजारात उभे राहिले ते बहिणीसाठी. मी वीस वर्षं ह्यांची बायको आहे, माझ्यासाठी हे कुठे उभे राहिलेले मला तरी आठवत नाही. फारूकने पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "भाभी, एवढ्या वासाचं सामान घेऊन मला विमानात कोण बसू देईल?" मी म्हटलं, तुझ्या मामेबहिणीसाठी आहे, तोंड बंद ठेव आणि ने.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून हा कागद. नाहीतर नणंदेला पत्रं लिहायची मला हौस नाही. दीड वर्ष तू तिकडे गप्प, मी इकडे गप्प, काही बिघडलं नव्हतं. तुझे भाई मात्र दर जुम्म्याला गच्चीवर जाऊन तुझ्याशी बोलतात. घरात रेंज नसते म्हणे. माझ्या माहेरचा फोन आला की घरभर रेंज असते.

तर काम असं आहे. माझ्या शिवणाच्या क्लासला सुमती नावाची एक बाई येते. तिने थोडे क्रिप्टोचे पैसे घेतले होते, ते बिटकॉइन कॅश म्हणतात ते. एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं की ह्या लोकांशी व्यवहार बंद करा, तेव्हा एक्स्चेंजवाल्यांनी मेसेज पाठवले की आपापली नाणी काढून घ्या. ती घाबरली. आणि आपल्या दुकानात काउंटरमागे तुझ्या हातचा तो काळ्या चौकटींचा कागद आहे ना, लॅमिनेट केलेला, तू भाईंना फोनवर पाकीट उघडून दिलंस त्याचा पत्ता, त्यावर तिने सगळं पाठवून दिलं. आता नेटवर तो पत्ता टाकून बघितला तर शून्य दिसतंय. एक्स्चेंजवाल्यांना विचारलं तर म्हणाले, बाई, तो पत्ता बिटकॉइनचा, तुम्ही पाठवलं दुसऱ्या नेटवर्कवर. आम्ही पाठवलं, ते पोचलंही, पण ते पाकीट उघडायचे बारा शब्द ज्याच्याकडे असतील त्यालाच ते काढता येईल.

तेवढे बारा शब्द लिहून पाठव. बिचारी रडतेय गं.

तब्येतीची काळजी घे. तुझा नवा फोटो भाईंनी दाखवला, समुद्रकाठच्या हॉटेलातला. हिरवा रंग तुला तितकासा खुलत नाही.

मुबीना


पनवेल, २४ जून २०१८

आलिया,

खजुराचा डबा मिळाला. तुझी चिठ्ठीही मिळाली, चिठ्ठी कसली, तीन ओळी. 'भाभी, सुमती नावाची कुणी बाई नाही हे मला कळतं. शब्द माझ्याकडे नाहीत, मी ठेवलेच नव्हते, ते भाईंना पाठ आहेत. आणि शब्द कागदावर किंवा फोनवर कधी कधी कधी लिहायचे नाहीत.' तीनदा 'कधी' लिहिलंस. मी काय दुसरीत आहे?

बरं, नाही सुमती. मीच ती. झालं समाधान?

आता सगळं सांगतेच, म्हणजे तुला तिथे बसून तर्क करायला नकोत. ते पैसे माझ्या मेहरचे होते. निकाहात तुझ्या अब्बांनी भर जमातीसमोर माझ्या हातावर ठेवलेली सोन्याची साखळी. ह्या घरातली एकच वस्तू अशी, जिच्यावर फक्त माझा हक्क. कपाट अम्मींचं, पलंग अम्मींचा, ताटंवाट्या तुझ्या लहानपणापासूनच्या, भिंतीवर फोटो तुझे. साखळी तेवढी माझी. ती मी विकली आणि गेल्या डिसेंबरात, सगळं जग घेत होतं तेव्हा, मीही घेतलं. कुणाला न विचारता. यूट्यूबवर बघून शिकले, शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या.

का, विचार ना. तुझ्यामुळे.

नोटबंदीत तू आलीस, डिसेंबर दोन हजार सोळा. एटीएमच्या रांगा लागलेल्या, दुकानात गिऱ्हाईक नाही, न्हावा शेव्याच्या ट्रकवाल्यांकडे ताडपत्री घ्यायला सुटे नाहीत. आणि तू ह्यांच्या फोनवर पाकीट उघडून त्यात बिटकॉइन टाकलंस. "भाई, राहून गेलेली ईदी. नोटा बंद होतात, हे बंद होत नाही." पुढच्या उन्हाळ्यात ते विकून दुकानाला नवीन शटर बसलं. आता आल्यागेल्याला पहिलं शटर दाखवतात. "माझ्या आलूने दिलं." मी त्या दुकानाची वीस वर्षं उधारी वसूल केलीय, ताडपत्रीच्या कडा शिवून दिल्यात. मला कुणाला दाखवत नाहीत.

मग मी ठरवलं, आपणही टाकायचं. त्याच पाकिटात. ईदी विकल्यावर ह्यांनी ते फोनवरून काढून टाकलं होतं; शब्द घालून पुन्हा उघडलं की तुझ्या ईदीच्या जागी माझा मेहर दिसला पाहिजे, आणि तुझ्याहून मोठा दिसला पाहिजे. आहे का नाही गंमत? दुसऱ्या कुठल्याही बाईने स्वतःचं नवं पाकीट उघडलं असतं. मला तुझंच पाहिजे होतं. आणि आपल्या घरात बाहेरून काही यायचं म्हटलं की 'आलूने दिलेला पत्ता आहे ना' हेच ऐकत आलेय, त्यामुळे दुसरा पत्ता लागतो हे डोक्यातच आलं नाही.

आता वाचून वाचून कळलं काय झालं ते. हे बिटकॉइन कॅश म्हणजे बिटकॉइनच्या घरातून गेल्या वर्षी वेगळा निघालेला भाऊ. चुली वेगळ्या झाल्या, घर नंबर तोच राहिला. मी माल धाकट्याकडे पाठवला आणि दार थोरल्याचं वाजवत बसले. माल गेला नाहीये, आहे तिथेच आहे, आणि दोन्ही दारांची किल्ली एकच. ती किल्ली तुझी. माझा मेहर आणि कुलूप तुझं! खुदाला पण चेष्टा करायला मीच सापडले.

तू म्हणतेस भाईंना विचार. विचारलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी, शीरखुर्म्याची वाटी हातात देऊन, सहज विचारल्यासारखं. "अहो, ते आलियाने पाठ करून घेतलेले शब्द आठवतात का हो?" ह्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "विसरलो." आणि वाटी अर्धी ठेवून उठले. शीरखुर्मा टाकून उठणारा माणूस नाही हा, तुला माहीत आहे.

तू खोटं बोलतेस की ते? एकाने तरी खरं सांगा.

मुबीना


पनवेल, २९ जुलै २०१८

आलिया,

ह्या खेपेला सोडे नाहीत, बोंबील नाहीत, काही नाही. फक्त कागद. फारूकलाही बरं, वजन नाही.

मी ह्यांना सगळं सांगितलं. साखळी विकली ते, पाठवलं ते, चुकलं ते. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, म्हणाले, "मुबीना, मला सांगायचं होतंस." मी म्हटलं, तुम्ही मला काय काय सांगता?

गुरुवारी दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. कमळाकर, आपल्याकडे माल उचलायला असतो तो, बाहेर दोर मोजत होता. मला बघून मोठ्याने खाकरला. तेव्हाच समजले की आत काहीतरी चाललंय. हे काउंटरमागे फोन घेऊन बसलेले, डोळे मिटलेले, बोटांवर काहीतरी मोजत होते आणि ओठ हलत होते. मग डोळे उघडून टाइप केलं. फोनवर लाल अक्षरं आली. हे 'च्च' करून परत डोळे मिटून बसले. मी मागून बघत होते. सगळे शब्द होते तिथे, आलिया, ओळीने भरलेले. विसरलेला माणूस असे भरतो का?

मी म्हटलं, "सापडला काय चोर?"

इतके दचकले की पाण्याचा तांब्या पडला. म्हणाले, "आलूला जबान दिलीय, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"मी कुणी आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं? वीस वर्षांनी मी 'कुणी'त येते का?"

डबा उघडून जेवायला लागले. कालवण गार झालं होतं, तेही सांगितलं नाही.

आता मला तुला लिहायचीही लाज नाही उरली. ऐक. तुझ्या माझ्यात काय आहे ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. ह्या घरात पाय टाकला त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळतेय. तू काही केलंस म्हणून नाही. तुझा फोन आला की ह्यांचा आवाज बदलतो, लहान मुलासारखा होतो, म्हणून. तुम्ही दोघं अर्धं वाक्य बोलता आणि हसत सुटता, मी उरलेलं अर्धं शोधत बसते, म्हणून. तू दिलेलं अत्तर जुम्म्याला लावतात आणि मी दिलेलं तसंच्या तसं आहे, म्हणून. मला भाऊ नाही. भाऊ असता तर कदाचित इतकी जळले नसते. का आणखी जळले असते, कुणास ठाऊक.

तू निघालीस त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं, घरच्या कपाटांना हात लावू नये." तू अम्मींची ओढणी शोधत होतीस. मला ते कळलं होतं. तरी बोलले. तू हात धुतलेस आणि टॅक्सीत जाऊन बसलीस, आणि तुझे भाई आजतागायत त्याबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण हे वेगळं. हा माझा मेहर आहे. तुझ्या भावाने दिलेली जबान पाळायची म्हणून माझा मेहर बुडवायचा, हे कुठल्या किताबात लिहिलंय? पैशाचं एक सोड. एक दिवस लोक मला विचारतील, मुबीना, तुझा मेहर कुठे गेला, तर मी काय सांगू? माझ्या नवऱ्याने बहिणीचा शब्द मोडला नाही, तिथे गेला?

तू मला शब्द सांगू नकोस. नकोत मला तुझ्याकडून. तू फक्त ह्यांना जबानीतून मोकळं कर. एवढंच मागतेय. नणंदेकडे मागतेय की माझ्या नवऱ्याला माझ्याशी बोलायची परवानगी दे. वाचलंस ना? आता तिकडे खूश हो.

मुबीना


पनवेल, २ सप्टेंबर २०१८

आलिया,

ह्या वेळी सोडे आहेत. लोणचंही आहे, कोळंबीचं, बरणीला दोन पिशव्या बांधल्यात. फारूकने कपाळावर हात मारला, पण घेतली.

तू ह्यांना फोन केलास ते मला माहीत नव्हतं. गेल्या जुम्म्याला गच्चीवरून खाली आले ते थेट स्वयंपाकघरात. हातातला फोन माझ्यापुढे धरला, त्यात ते पाकिटाचं ॲप उघडलेलं. म्हणाले, "चप्पल घाल."

"भाजी चढवलीय."

"बंद कर. आलू म्हणते, तिने कुणाला सांगू नको म्हटलं ते बाहेरच्यांसाठी. म्हणते, भाई, मुबीनाभाभी बाहेरची कधीपासून झाली? मला खूप बोलली."

खूप बोलली, हे ऐकून मला काय वाटलं ते सांगत नाही. पण भाजी बंद केली.

ते पाकीट आता रिकामं आहे, म्हणून त्याचे शब्द लिहायला हरकत नाही. तुझ्या तीनदा 'कधी'च्या विरुद्ध होत नाही.

तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं की शब्द रस्त्यावर ठेवलेत, लक्षात राहावेत म्हणून एकेका जागी एकेक. मला वाटायचं हे पाढ्यांसारखे घोकत असतील. जुन्या घराच्या दारापासून निघालो, जिथे आता मोबाईलचं दुकान झालंय, आणि हे तुझे भाई, पन्नाशीचे, पोट सुटलेले, रस्त्यावर उभे राहून मला म्हणाले, "इथे शिडी." मी म्हटलं, कुठे आहे शिडी? म्हणाले, "आत्ता नाही. तेव्हा होती. आलू पतंग काढायला चढली आणि उतरता येईना, अब्बांनी काढलं." टपाल नाक्यावर छत्री. तिथे छत्र्या दुरुस्त करणारा भगवान बसायचा, तू त्याला काड्या मागायचीस. पुढे बकरा. तो बकरा कुणाचा होता त्यावर ह्यांनी मला एवढी मोठी गोष्ट सांगितली की मागून रिक्षावाला हॉर्न मारून थकला. मग फोटो स्टुडिओ, तिथे कॅमेरा. तळ्यापाशी भूत. "इथे भूत का?" म्हटलं तर हसायलाच लागले, बोलता येईना. शेवटी म्हणाले, "आलूला विचार."

आलूला विचार! मी रस्त्यात उभी राहून जळत होते, तुला खरं सांगते. वीस वर्षं मी त्याच रस्त्याने दळण आणते, औषधं आणते. मला तो रस्ता माहीत आहे असं वाटायचं. माझ्यासाठी तिथे गिरणी आणि केमिस्ट, आणि ह्यांच्यासाठी प्रत्येक वळणावर तू उभी. फ्रॉकमध्ये, दोन वेण्या घातलेली. मी ह्यांचा हात धरून चालत नव्हते, एरवीही धरत नाही, पण त्या दिवशी धरावासा वाटला आणि रागाने धरला नाही.

अकरा शब्द झाले तेव्हा आपल्या बिल्डिंगच्या खाली आलो. जिना चढलो. आपल्या दारासमोर हे थांबले आणि खाली बघायला लागले.

"बारावा इथे आहे," म्हणाले. "इथे तू आहेस."

"मी?"

"आलूने इथे तुला ठेवलंय. भाभी दारात सरबत घेऊन उभी, असं. बाकी सगळे लहानपणचे. हा एकच त्या डिसेंबरातला, ती आली तेव्हाचा."

"मग शब्द काय?"

"लिंबू."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लिंबू! एवढ्या रस्त्यात शिडी, छत्री, बकरा, आणि मी लिंबू? माझं आंबट तोंड तुला दारात दिसलं आणि ते तू नेमकं घराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलंस, म्हणजे तुझा भाऊ रोज दार उघडताना माझ्यावर हसेल! हे काय बोलले माहीत आहे? "म्हणूनच सांगत नव्हतो. तुला वाईट वाटेल म्हणून. आणि मुबीना, लिंबू चालतच नाही गं. दोन महिने घालतोय, लाल अक्षरं येतात. अकरा बरोबर आहेत हे मला पक्कं माहीत आहे. बाराव्यालाच अडकलंय. आलूला कोणत्या तोंडाने सांगू, की तुझा एक शब्द हरवला?"

म्हणजे जबान अर्धी आणि लाज अर्धी. हा माणूस दोन महिने एकटा दुकानात बसून माझ्या नावाने लिंबू घालत होता.

मी आत गेले आणि पाणी प्यायले. ओट्यापाशी उभी होते. समोर साखरेचा डबा होता, आणि त्या डब्याकडे बघता बघता मला तो डिसेंबर आठवला.

सांगू तुला? त्या दिवशी घरात साखर नव्हती. आठवडाभर नव्हती. वाणी म्हणायचा दोन हजाराची नोट आणू नका, सुटे नाहीत. आम्ही फिका चहा पीत होतो. आणि तुझी टॅक्सी खाली आली. दोह्याहून नणंद येते, मोठ्या कंपनीत हिशेब बघणारी, आणि तिच्या भावाच्या घरात चमचाभर साखर नाही! मेले असते पण तुला कळू दिलं नसतं. तुझे भाई बॅगा उतरवायला खाली गेले आणि मी पहिल्या मजल्यावर जोकबेदमावशींकडे धावले. त्यांनी वाटी भरून दिली. ती ओढणीखाली धरून वर आले, तर तू आधीच दारात. मी म्हटलं, "आलीस? बस, सरबत आणते." तू म्हणालीस, "भाभी, किती धावपळ." बस, एवढंच. मी ओढणी आणखी घट्ट ओढली.

ओल्या हातानेच बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, "साखर घाला."

"काय?"

"लिंबू काढा. साखर घाला. इंग्रजीत."

ह्यांनी घातलं. लाल अक्षरं आली नाहीत. हिरवी खूण आली, थोडा वेळ ते गोल गोल फिरत राहिलं, आणि मग माझा मेहर दिसला. सगळा. जसा पाठवला होता तसा. भाव खाली आलाय ते सोड.

हे फोनकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "तुला कसं माहीत? आलूने तुला सांगितलं होतं?"

मी म्हटलं, नाही. आणि रडायला लागले. कशाला ते ह्यांना अजून कळलेलं नाही, पैशासाठी वाटलं त्यांना. पाठीवर थोपटत म्हणाले, "मिळाले ना, मिळाले ना."

दुसऱ्या दिवशी जोकबेदमावशींकडे गेले. ती वाटी मी परत केली नव्हती, तू गेल्यावर खूप शोधली, सापडली नाही, आणि लाजेने पावणेदोन वर्षं विषय काढला नव्हता. म्हटलं, मावशी, तुमची वाटी माझ्याकडून हरवली. त्या म्हणाल्या, "हरवली कुठली? तुझी नणंद देऊन गेली की दोन दिवसांनी. वाटीवर माझं नाव कोरलेलं आहे ना, तिने वाचलं. साखर भरून आणली होती. म्हणाली, मावशी, भाभीला सांगू नका." आणि मावशींनी खरंच सांगितलं नाही. सगळ्यांनाच शब्द पाळायची खोड.

तू पाहिलं होतंस. दारात उभी राहून, ओढणीखालची वाटी. सगळं पाहिलं होतंस, आणि भावाला म्हणालीस 'भाभी सरबत घेऊन उभी'. वाटी त्यालाही सांगितली नाहीस, म्हणून सरबतावरून त्याच्या डोक्यात लिंबू राहिलं. माझी अब्रू तू त्या पाकिटात ठेवलीस आणि वर झाकण लावलंस. आणि त्यानंतर वीस दिवसांनी मी तुला पाहुणी म्हटलं.

मला तुझा राग येतोय, आलिया. खरंच येतोय. इतकं चांगलं वागायचं आणि सांगायचं नाही, ह्यापेक्षा भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. आता मी जळू कशावर?

मेहर मी त्या पाकिटातून काढला. ह्या वेळी नेटवर्क चार वेळा वाचलं, आधी चिमूटभर पाठवून बघितलं, मग बाकीचा. नवं पाकीट माझं आहे, माझ्या फोनवर. त्याचे नवे बारा शब्द आले. कागदावर लिहिले नाहीत. मीही रस्त्यावर ठेवलेत, पण तुमच्या नाही, माझ्या. उरणच्या माझ्या माहेरच्या दारापासून सुरू होतात. तिथे माझ्या वेण्या आहेत.

तुझ्या भाईंना सांगितलेले नाहीत. रोज विचारतात. चहा करून देतात, आज तर स्वतः कालवणाचं कौतुक केलं. मी म्हणते, जबान दिलीय. "कुणाला?" म्हणतात. मी त्यांनी दिलेला चहा पिते. परवा रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "मी कुणी आहे का गं?" बरं वाटलं मला. थोडे दिवस जळू दे त्यांनाही.

पण शब्द एकाच माणसाजवळ असू नयेत, उद्या मला काही झालं तर? दुसऱ्या कुणाला तरी माहीत पाहिजेत, आणि ते माणूस असं पाहिजे की जे पाहील आणि बोलणार नाही. असं माणूस मला एकच माहीत आहे. ते लिहून पाठवता येत नाहीत, फोनवर सांगता येत नाहीत, फारूकच्या बॅगेतून तर नाहीच. नियम तुझाच आहे.

म्हणून तुला यावं लागेल. डिसेंबरात ये. उरणला जाऊ, माझ्या दारापासून चालत निघू, मी एकेक दाखवत जाईन. सातव्या ठिकाणी तू आहेस. तू तिथे काय करतेयस ते मी ह्यांनाही सांगणार नाही आणि इथेही लिहिणार नाही.

अम्मींची ओढणी माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, डाव्या बाजूला आहे. तू येऊन स्वतः काढ.

घरात साखर आहे.

मुबीना